तंजावरची पोथी आणि जावा भाषेतील प्रकारनिर्देश

१. ग्रंथालयातील एक प्रश्न

तमिळनाडूतील तंजावर येथे राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. सोळाव्या शतकात नायक राजांच्या काळी त्याचा आरंभ झाला. पुढे तंजावरच्या भोसले राजांनी त्याची जोपासना केली आणि दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, त्याला विशेष समृद्धी प्राप्त झाली. १९१८ मध्ये हा संग्रह सर्व लोकांना खुला करण्यात आला.

या संग्रहातील सर्व वस्तू एका जातीच्या नाहीत. काही पोथ्या ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरलेल्या आहेत. त्यांच्या पानांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवलेली असते आणि वर-खाली लाकडी फळ्या असतात. काही ग्रंथ कागदावर शाईने लिहिलेले आहेत. तंजावरच्या मराठी दरबाराचे दप्तर मोडी लिपीत असून ते कापडात बांधलेल्या गाठोड्यांच्या, म्हणजे रुमालांच्या, रूपाने ठेवलेले असते. शिवाय छापील पुस्तके आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी या भाषांचे ग्रंथ येथे एकत्र नांदतात. एकच संस्कृत भाषा कोठे देवनागरीत, कोठे ग्रंथ लिपीत, तर कोठे तेलुगू लिपीत लिहिलेली आढळते.

अशा ग्रंथालयात वाचकाने मागणीच्या चिठ्ठीवर नुसता क्रमांक लिहिला, तर सेवकाला वस्तू सापडेल. परंतु ती कशी हाताळावी हे त्याला कळणार नाही. ताडपत्राची दोरी सोडावयाची असते आणि पान कोरडे पडले असल्यास त्यास गवती चहाचे तेल लावावयाचे असते. मोडी रुमालाची गाठ सोडावयाची असते आणि तो मोडी जाणणाऱ्याच्या हाती द्यावयाचा असतो. कागदास तेल लावले तर कागद नासतो. एखाद्या वस्तूवर कोणती क्रिया करता येईल, हे त्या वस्तूच्या प्रकारावर अवलंबून असते, ही साधी गोष्ट येथे पदोपदी जाणवते.

संगणकाच्या जावा या भाषेत नेमका हाच प्रश्न उद्भवतो आणि त्याचे उत्तरही तेथे मोठ्या काटेकोरपणे दिलेले आहे. त्या उत्तराचा परिचय करून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. सरस्वती महालातील वस्तूंचे उदाहरण केवळ समजुतीसाठी घेतले आहे. पुढील आज्ञावली काल्पनिक आहे.

२. वस्तू, वर्ग आणि क्रिया

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनी घडविली. कामास १९९१ मध्ये प्रारंभ झाला आणि १९९५ मध्ये ती जगापुढे आली. या भाषेत आज्ञावली म्हणजे परस्परांस काम सांगणाऱ्या वस्तूंचा समुदाय असतो. प्रत्येक वस्तू कोणत्या तरी वर्गाची असते, आणि त्या वस्तूला कोणकोणत्या क्रिया सांगता येतील हे वर्ग ठरवितो.

वर्गांमध्ये पितापुत्राचे नाते असू शकते. समजा, ‘लेख’ हा एक सामान्य वर्ग आहे. प्रत्येक लेखाला क्रमांक असतो आणि त्याचे वर्णन करता येते. म्हणून ‘क्रमांक’ आणि ‘वर्णन’ या दोन क्रिया त्या वर्गात आहेत. ‘ताडपत्रपोथी’, ‘मोडीरुमाल’ आणि ‘छापीलग्रंथ’ हे त्याचे तीन उपवर्ग. प्रत्येक उपवर्गाला पित्याच्या क्रिया वारशाने मिळतात आणि स्वतःची एखादी अधिक क्रियाही असते. ताडपत्रपोथीला ‘दोरीसोड’, मोडीरुमालाला ‘लिप्यंतर’ आणि छापीलग्रंथाला ‘आवृत्ती’ या क्रिया आहेत असे मानू.

जावामध्ये वर्गांची व क्रियांची नावे देवनागरीत लिहिण्यास मुभा आहे. फक्त भाषेचे राखीव शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. येथे ते राखीव शब्दही उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर प्रयोग करताना विद्यार्थ्याने ते मूळ लिपीत लिहावेत.

३. निर्देश म्हणजे वस्तू नव्हे

पुढील ओळ पाहावी.

लेख क = न्यू ताडपत्रपोथी();

या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी घडतात. उजवीकडे एक नवी ताडपत्रपोथी निर्माण होते. डावीकडे ‘क’ नावाची एक चिठ्ठी तयार होते आणि ती चिठ्ठी त्या पोथीकडे बोट दाखविते. चिठ्ठीवर मात्र ‘लेख’ एवढेच लिहिलेले आहे. प्रत्येक ताडपत्रपोथी हा लेखच असल्यामुळे या चिठ्ठीत असत्य काही नाही. जे सांगितले आहे ते फक्त कमी आहे.

येथे दोन प्रकार एकत्र वावरतात: चिठ्ठीवर लिहिलेला प्रकार आणि वस्तूचा स्वतःचा प्रकार. पहिला आज्ञावली लिहिताना ठरतो व बदलत नाही. दुसरा वस्तूच्या जन्मापासून तिच्यासोबत असतो आणि तोही बदलत नाही. या विषयातील बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो.

आता कोणी पुढील आज्ञा लिहिली:

क.दोरीसोड();

जावाचा संकलक, म्हणजे आज्ञावली चालण्यापूर्वी तिची छाननी करणारा कार्यक्रम, ही आज्ञा नाकारतो. वास्तविक वस्तू ताडपत्रपोथी आहे आणि तिला दोरी आहे. परंतु संकलक वस्तू पाहत नाही. वस्तू अद्याप जन्मालाच आलेली नसते. तो फक्त चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर ‘लेख’ आहे, आणि प्रत्येक लेखाला दोरी असतेच असे नाही. छापील पुस्तकाची दोरी कोण सोडणार? म्हणून संकलकाचा नकार योग्यच ठरतो.

४. ‘या नात्याने’

हा नकार दूर करण्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने संकलकाला अधिक माहिती द्यावी लागते. ‘क’ या चिठ्ठीने दाखविलेली वस्तू ताडपत्रपोथी आहे, असे त्याने कंसात लिहून सांगावयाचे असते. यालाच प्रकारनिर्देश म्हणतात.

((ताडपत्रपोथी) क).दोरीसोड();

आता संकलकाचे समाधान होते. कंसातील शब्दाचा अर्थ ‘ताडपत्रपोथी या नात्याने’ असा घ्यावा. मराठीतील ‘या नात्याने’ हा प्रयोग येथे फार उपयोगी पडतो. सरफोजी राजे हे राजा या नात्याने दरबार भरवीत, ग्रंथसंग्राहक या नात्याने पोथ्या जमवीत आणि वैद्यकाचे अभ्यासक या नात्याने नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेववीत. माणूस एकच; नाते बदलले की त्याला सांगावयाची कामे बदलतात. ही कल्पना जावाहून जुनी आहे. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगॉर यांनी १९६७ मध्ये सिद्ध केलेल्या सिम्युला भाषेत याच कामासाठी ‘क्वा’ हा लॅटिन शब्द योजला होता, आणि त्याचा अर्थही ‘या नात्याने’ असाच आहे.

म्हणून प्रकारनिर्देशास ‘रूपांतर’ म्हणणे हे भ्रामक होय. कंसात काहीही लिहिले तरी पोथीचे एक पानही बदलत नाही, नवी प्रत तयार होत नाही, जुनी नाहीशी होत नाही. बदलते ती फक्त पाहणाऱ्याची दृष्टी.

बाहेरचा कंस अनावश्यक आहे असे नवशिक्याला वाटते व तो पुढीलप्रमाणे लिहितो:

(ताडपत्रपोथी) क.दोरीसोड();

ही आज्ञा चुकीची आहे. जावामध्ये टिंबाचा जोर प्रकारनिर्देशाच्या जोरापेक्षा अधिक असतो. त्यामुळे संकलक आधी ‘क.दोरीसोड()’ एवढा भाग घेतो आणि मग त्या क्रियेच्या फलावर प्रकारनिर्देश लावू पाहतो. अर्थात पहिल्याच पायरीवर तो अडतो, कारण ‘क’ अजून नुसता लेखच आहे. नाते आधी सांगावयाचे आणि काम मागाहून, हा क्रम बाहेरच्या कंसाने निश्चित होतो.

५. खोटा निर्देश

प्रकारनिर्देश ही आज्ञावली लिहिणाराने दिलेली साक्ष आहे. साक्ष खोटी निघाली तर काय होते?

लेख ख = न्यू मोडीरुमाल();
((ताडपत्रपोथी) ख).दोरीसोड();

संकलक या दोन्ही ओळी मान्य करतो. ‘ख’ हा लेख आहे, लेख ताडपत्रपोथी असू शकतो, आणि लिहिणारा तसे सांगतो आहे. एवढे त्याला पुरेसे असते. परंतु तो बेसावध नसतो. निर्देशाच्या जागी तो तपासणीची एक सूक्ष्म आज्ञा घालून ठेवतो. आज्ञावली चालू लागली आणि त्या जागी पोहोचली की, प्रत्यक्ष वस्तूचा प्रकार पाहिला जातो. वस्तू मोडीरुमाल निघताच काम तेथेच थांबते आणि ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ नावाचा अपवाद उद्भवतो. दोरी सोडण्याच्या क्रियेला प्रारंभच होत नाही.

ग्रंथालयाच्या भाषेत सांगावयाचे तर, सेवक चिठ्ठी घेऊन कपाटापाशी गेला, त्याने ताडपत्राऐवजी कापडाचे गाठोडे पाहिले, आणि तेलाची बाटली न उघडता तो परत आला. वाचकाची निराशा झाली. परंतु वस्तू सुरक्षित राहिली.

ही तपासणी सर्व भाषांत असते असे नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत कंसाची खूण अशीच आहे, आणि जावाने ती तेथूनच घेतली. परंतु सी भाषेत चिठ्ठीवरचा प्रकार बदलला तर प्रत्यक्ष वस्तू कोणी पाहत नाही. साक्ष खोटी असली तरी काम पुढे चालते, एका वस्तूची स्मृती दुसऱ्या वस्तूची म्हणून वाचली जाते, आणि चूक कोठे झाली याचा पत्ता कधी कधी फार उशिरा लागतो. जावाचा आडमुठेपणा हा वास्तविक तिचा मोठा गुण आहे.

काही निर्देश मात्र संकलकच फेटाळून लावतो. ‘छापीलग्रंथ’ असे लिहिलेल्या चिठ्ठीवर ‘ताडपत्रपोथी’ हा निर्देश करू पाहिल्यास तो मुळीच मान्य होत नाही. हे दोन वर्ग भावंडे आहेत. एकच वस्तू दोहोंची असणे अशक्य आहे. जेथे साक्ष खरी ठरण्याचा संभवच नाही, तेथे चौकशीसाठी थांबण्याचे कारण नसते.

६. आधी विचारावे, मग सांगावे

शहाणा सेवक गाठोडे उचलण्यापूर्वी पाहतो. जावामध्ये या पाहण्यासाठी ‘इन्स्टन्सऑफ’ हा राखीव शब्द आहे. ‘ही वस्तू अमुक वर्गाची आहे काय?’ असा तो प्रश्न असून त्याचे उत्तर होय किंवा नाही असे मिळते.

इफ (क इन्स्टन्सऑफ ताडपत्रपोथी) {
  ((ताडपत्रपोथी) क).दोरीसोड();
}

या रीतीत एकच गोष्ट दोनदा लिहावी लागे: एकदा प्रश्नात आणि एकदा निर्देशात. नक्कल करताना एका जागी नाव बदलावे आणि दुसऱ्या जागी राहून जावे, असे सहज घडे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावाच्या सोळाव्या आवृत्तीपासून ही द्विरुक्ती टाळण्याची सोय कायम झाली.

इफ (क इन्स्टन्सऑफ ताडपत्रपोथी प) {
  प.दोरीसोड();
}

प्रश्नाचे उत्तर होय असे आले तर ‘प’ नावाची नवी चिठ्ठी आपोआप तयार होते आणि तिच्यावर ‘ताडपत्रपोथी’ हा प्रकार लिहिलेला असतो. वेगळ्या निर्देशाची गरज उरत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. चिठ्ठी कधी कोणत्याच वस्तूकडे बोट दाखवीत नाही. तिला रिकामा निर्देश म्हणतात. रिकाम्या चिठ्ठीवर कोणताही प्रकारनिर्देश केला तरी अपवाद उद्भवत नाही, कारण खोटे ठरण्यास वस्तूच नाही. परंतु त्यानंतर क्रिया सांगताच आज्ञावली अडते, कारण काम करण्यासही वस्तू नाही. ‘इन्स्टन्सऑफ’ हा प्रश्न मात्र रिकाम्या चिठ्ठीला नेहमी ‘नाही’ असे उत्तर देतो. म्हणून आधी विचारण्याची रीत दुहेरी सुरक्षित ठरते.

७. अंकांची गोष्ट वेगळी

जावामध्ये हाच कंस अंकांसाठीही वापरतात, आणि तेथे मात्र खरोखरच रूपांतर होते. ३.९ या संख्येवर पूर्णांकाचा निर्देश केला असता फल ३ येते. अपूर्णांक कायमचा गळून पडतो. १६ अंशांच्या पूर्णांकात ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. ४०,००० ही संख्या त्यात बळेच घातली तर जावा कोणतीही तक्रार न करता उणे २५,५३६ असे उत्तर देते. वस्तूच्या बाबतीत चोख पहारा करणारी ही भाषा अंकांच्या बाबतीत सारी जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकते. एकाच खुणेचे हे दोन अर्थ विद्यार्थ्याने कटाक्षाने वेगळे ठेवावेत.

अशा रूपांतरातील असावधपणाचे मोल किती मोठे असू शकते, हे ४ जून १९९६ रोजी दिसून आले. त्या दिवशी युरोपच्या एरियन ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्याच्या मार्गदर्शक यंत्रणेतील एक ६४ अंशांची दशांश संख्या १६ अंशांच्या पूर्णांकात बदलण्यात येत होती. ही आज्ञावली आधीच्या एरियन ४ वरून जशीच्या तशी घेतली होती. जुन्या बाणाच्या उड्डाणात ती संख्या मर्यादेत राहत असे. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक असल्याने ती मर्यादेबाहेर गेली. यंत्रणेने अपवाद उभा केला, परंतु त्या अपवादाचे काय करावयाचे हे कोणी ठरविलेले नव्हते. मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या आणि उड्डाणास चाळीस सेकंद होतात न होतात तोच बाण मार्ग सोडून नष्ट झाला.

त्या यंत्रणेची भाषा जावा नव्हती. ती एडा होती. तथापि या घटनेचा बोध सर्व भाषांना लागू आहे. नकार मिळणे एवढ्याने सुरक्षितता येत नाही. नकार मिळाल्यावर पुढे काय करावयाचे, याचाही विचार आधीच केलेला असला पाहिजे. सेवक चिठ्ठी घेऊन परत आला तर ती कोणाच्या हाती द्यावयाची, हे ग्रंथपालाने ठरविले नसेल तर त्या चिठ्ठीचा उपयोग नाही.

८. निर्देशाची गरज केव्हा नसते

एखाद्या आज्ञावलीत जागोजागी प्रकारनिर्देश आढळू लागले, तर रचनेतच काही उणीव आहे असे समजावे. सेवकाने प्रत्येक कपाटापाशी थांबून ‘ही ताडपत्रपोथी काय? हा रुमाल काय? हे छापील पुस्तक काय?’ असे विचारीत बसण्यापेक्षा, ‘वाचनास सिद्ध हो’ अशी एकच आज्ञा सर्वांना देता आली तर काम सुलभ होईल.

जावामध्ये हे साधते. ‘लेख’ या पितृवर्गात ‘सिद्धकर’ ही क्रिया ठेवावी आणि प्रत्येक उपवर्गाने ती आपापल्या परीने पार पाडावी. ताडपत्रपोथी आपली दोरी सोडील, मोडीरुमाल लिप्यंतराची व्यवस्था करील, छापीलग्रंथ नुसता मेजावर येईल. मग ‘क.सिद्धकर()’ एवढी आज्ञा पुरते. चिठ्ठीवर ‘लेख’ लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष क्रिया वस्तूच्या स्वतःच्या प्रकाराप्रमाणे घडते. कोणती क्रिया सांगता येईल हे चिठ्ठी ठरविते. ती कशी घडेल हे वस्तू ठरविते. या विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ‘प’ या चिठ्ठीवर ताडपत्रपोथी असे लिहिलेले असता कोणी ((लेख) प).सिद्धकर() असे लिहिले, तरी पित्याची सामान्य क्रिया घडत नाही, ताडपत्रपोथीचीच घडते. नाते बदलले तरी स्वभाव बदलत नाही.

दुसरी सोय २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत आली. तोपर्यंत जावाच्या यादीत कोणतीही वस्तू घालता येई. परंतु बाहेर काढताना ती नुसती ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे केवळ एक वस्तू, म्हणून हाती पडे आणि प्रत्येक वेळी प्रकारनिर्देश करावा लागे. आता यादी करतानाच ‘ही ताडपत्रपोथ्यांची यादी आहे’ असे सांगता येते. मग अन्य वस्तू तीत शिरू शकत नाही आणि बाहेर येणाऱ्या वस्तूचा प्रकार निराळा सांगावा लागत नाही. कपाटावर पाटी लावल्याने प्रत्येक पोथीवर पाटी लावण्याचा त्रास वाचावा, तसेच हे आहे.

तरीही निर्देशाची गरज पूर्णपणे संपत नाही. संमिश्र संग्रह, दुसऱ्याने लिहिलेले वर्ग, बाहेरून आलेली माहिती अशा ठिकाणी चिठ्ठीवर कमी लिहिलेले असते आणि वस्तूत अधिक असते. तेथे आधी विचारून मग नाते सांगणे हाच मार्ग होय.

९. समारोप

आर्थर बर्नेल या विद्वानाने तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची केली आणि ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. सूचीतील प्रत्येक नोंद ही एक साक्षच असते: या क्रमांकाची वस्तू अमुक विषयाची, अमुक लिपीतील, अमुक पत्रांची आहे. नोंद खरी असेल तर शेकडो कोसांवरचा अभ्यासक तिच्या आधारे योग्य पोथी मागवितो. नोंद चुकली तरी पोथी आहे तशीच राहते. परंतु तिला शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती हरवल्यासारखीच होते. बालबोध वाचणाऱ्या मराठी माणसापुढे मोडीचा रुमाल ठेवला तर भाषा त्याची स्वतःची असूनही तो निरुत्तर होतो. वस्तू आहे, वाचक आहे. चुकले आहे ते मधले नाते.

जावातील प्रकारनिर्देशाचे मर्मही हेच आहे. तो वस्तूला नवे रूप देत नाही; वस्तूविषयी सत्य काय आहे ते नेमकेपणाने सांगतो. सत्य सांगितले तर बंद क्रिया खुल्या होतात. असत्य सांगितले तर भाषा नम्रपणे परंतु ठामपणे काम थांबविते. काम सांगण्यापूर्वी ज्याला काम सांगावयाचे तो कोण आहे हे जाणून घ्यावे, ही शिस्त ग्रंथपालाला जितकी आवश्यक, तितकीच आज्ञावली लिहिणाऱ्यालाही आहे.

स्वाध्याय

१. ‘लेख ग = न्यू छापीलग्रंथ();’ या ओळीनंतर ‘ग.आवृत्ती();’ ही आज्ञा संकलक का नाकारतो? ती दुरुस्त करून लिहा.

२. ‘(छापीलग्रंथ) ग.आवृत्ती();’ यात कोणती चूक आहे? कंस कोठे द्यावयास हवा?

३. संकलकाने मान्य केलेला प्रकारनिर्देशही आज्ञावली चालू असताना खोटा ठरू शकतो. याचे एक उदाहरण द्या आणि अपवाद टाळण्याची रीत सांगा.

४. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील वस्तूंचे एक पितृवर्ग व तीन उपवर्ग कल्पून लिहा. कोणत्या क्रिया पितृवर्गात ठेवाल व कोणत्या उपवर्गात, ते सकारण सांगा.